राणीची पदे आणि कँटोन्मेंटची घंटा

मिरजेहून मी बंगळूरला गेले ती धाकट्या बहिणीचे सामान बांधायला. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण आमच्या गल्लीत सध्या असे बोलले जाते की तिकडच्या मंडळींनी मला नाटकासाठी खास बोलावून नेले होते. ही बातमी पसरवली मीच, परतल्या दिवशी, स्टेशनवरून टांग्यात बसायच्या आत. तेव्हा आता सगळे नीट लिहून टाकणेच सोयीचे.

माझी नाट्यसेवा म्हणजे प्रॉम्प्टिंग. आमच्या भगिनी मंडळाच्या नाटकांत मी विंगेत पुस्तक घेऊन उभी राहते. मला गाता येत नाही, अभिनय येत नाही आणि चेहरा रंगवला तर मी शाळेतली तपासनीस दिसते. हे तिन्ही गुण ज्या बाईत एकत्र येतात तिला प्रॉम्प्टर करतात.

मल्लेश्वरम

गाडीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे एवढेच, की हुबळीनंतर चहावाले विरळ होतात आणि कॉफीवाले वाढतात. दक्षिण म्हणजे उकाडा, या समजुतीने मी ट्रंकेत फक्त वायलची पातळे भरली होती. डिसेंबरातल्या पहाटे बंगळूरच्या फलाटावर उतरले तेव्हा दात वाजत होते. मेहुणे दत्तोपंत न्यायला आले होते. त्यांनी गळ्यातला मफलर काढून माझ्या हातात दिला. पुढचा सगळा मुक्काम मी त्या मफलरमध्ये काढला. मल्लेश्वरमच्या बायकांना वाटले, मिरजेकडे बायका तसाच वापरत असतील.

दत्तोपंत एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्यांची बदली मध्य प्रदेशात, नव्याने उभ्या राहणाऱ्या एका कारखान्यावर झाली होती. तिथे राहायची घरे अजून बांधायची होती, पण हजर होण्याचा हुकूम मात्र तयार होता. संक्रांतीच्या आत निघायचे, म्हणून मला बोलावले. मी मनात याद्या करत गेले होते: पितळेची भांडी गोणपाटात, काचेची कपड्यांत, लोणच्याच्या बरण्या वाटून टाकायच्या.

मल्लेश्वरमातल्या त्यांच्या घरात शिरले तर एकही वस्तू हललेली नव्हती. लाल गुळगुळीत जमिनीवर मधोमध तबला-डग्गा, शिवणाच्या मशीनवर राजाचा मुकुट, आणि सुशीला तांदूळ निवडता निवडता एकच तान पुन्हा पुन्हा घेत होती.

"सुशे, ट्रंका कुठायत?"

"माळ्यावर. अक्का, तू आधी हे ऐक. दुसऱ्या पदाचा अंतरा लांबतोय का गं?"

माहेरी मी तिची ताई होते. बंगळुरात इतकी वर्षे काढल्यावर तिने मला परस्पर अक्का करून टाकले आहे. भाजीवाल्याशी 'स्वल्प कमी कर' अशी घासाघीस करते आणि चहा मागितला तर कॉफी देते. ती कॉफी पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी उंचावरून ओतून निववतात. शेजारच्या पद्मक्का हातभर उंचीवरून ओततात आणि थेंब सांडत नाहीत. मीही ओतली. वायलचे एक पातळ त्यात गेले.

तर भानगड अशी होती. कँटोन्मेंटातल्या एका इंग्रजी हौशी नाटकमंडळीने नाताळाआधी संगीताच्या नाटकांची एक संध्याकाळ ठरवली होती. एक कन्नड, एक मराठी, मग मधली चहाची सुट्टी आणि शेवटी त्यांचे स्वतःचे इंग्रजी. प्रत्येकाला पाऊण तास. उत्तम प्रयोगाला चांदीचा पेला. तिथल्या मराठी मंडळाने आपल्या पौराणिक संगीत नाटकाचा एक अंक कापून तयार केला होता. राजा शिकारीला जातो आणि वाट चुकतो. राणी त्याची वाट पाहते आणि वाट पाहता पाहता पदे म्हणते. राजा वेळेवर घरी आला असता तर नाटक झालेच नसते. राणी सुशीला होती.

लग्नाआधी सुशीला आमच्या गल्लीतल्या बुवांकडे गाणे शिकत होती. लग्नानंतर तिचे गाणे हळदीकुंकवाला उरले. तिथे बायका एकीकडे ओटी भरत आणि 'हळद कुणाला राहिली' विचारत ऐकतात. खरे थिएटर, तिकीट काढून बसलेले लोक, हे तिच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होते. अंकाच्या शेवटी भैरवी होती. ती चाल बुवांनी तिला शिकवलेली.

"एवढी एक भैरवी लोकांपुढं म्हणून घेऊ दे मला," ती सुपातले खडे काढत म्हणाली. "पुढं जिथं चाललोय तिथं मंडळ नाही, नाटक नाही. दिवेसुद्धा अजून यायचेत म्हणे."

मी माळ्यावरच्या ट्रंकांकडे पाहिले आणि पदर खोचला. पण ट्रंकांसाठी नव्हे.

कँटोन्मेंट

दुसऱ्या दिवशी मंडळाचे चिटणीस शामराव मला घ्यायला आले. हे मूळचे खानापूरकडचे. मराठी आणि कानडी दोन्ही एकाच श्वासात बोलणारे आणि नाटकात राजा. त्यांनी मला पाहताच नमस्कार केला.

"अक्का, तुम्ही मिरजेच्या. म्हणजे विषयच संपला. इंग्रज बाईंशी तुम्हीच बोलायचं."

मिरजेत तंबोरे बनतात, म्हणून मिरजेच्या प्रत्येक बाईला गाणे कळते, असा बाहेर समज आहे. तो दूर करण्याची मला कधी गरज वाटली नाही. मी मफलर सारखा केला आणि "चला" म्हटले.

शामरावांच्या 'इंग्रज बाई' म्हणजे मिस फर्नांडिस. जन्म बंगळूरचा, साठीच्या, उंच, पियानो शिकवणाऱ्या. त्या संध्याकाळची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. टेबलावर पितळी घंटा आणि समोर पत्रिकेचा मसुदा. बोलणे इंग्रजीत झाले. त्यांचे इंग्रजी त्यांचे स्वतःचे होते आणि माझे मॅट्रिकचे.

"तुमचं नाटक ऑपेरा आहे, ऑपरेटा आहे की म्युझिकल? पत्रिकेत छापायचंय."

शामराव माझ्याकडे भक्तिभावाने बघू लागले. तिन्ही शब्दांत ऑपेरा मला सर्वांत भारदस्त वाटला. "ऑपेरा," मी म्हटले.

"वा. म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गाऊनच?"

"नाही. राजा बोलतो. पुष्कळ बोलतो."

"मग ऑपरेटा असेल. मध्ये संवाद, मध्ये गाणी, गोष्ट हलकीफुलकी. तुमचं विनोदी आहे?"

मी शामरावांकडे एकदा पाहून घेतले. "तसा हेतू नाही."

"मग म्युझिकल म्हणू या. त्यात गाणी गोष्ट पुढं नेतात, नाचही असतो. तुमच्यात कोण नाचतं?"

"राणी दुःखात असते," मी म्हटले. "राजाला नाचता येईल, पण कोणी बघणार नाही."

"बरं, गाणं सुरू झालं की गोष्ट पुढं सरकते का?"

विंगेत इतकी वर्षे उभी राहिलेल्या बाईला याचे उत्तर पक्के ठाऊक असते. "नाही. गोष्ट थांबते. वाट चुकलेला राजासुद्धा बाजूला मंचकावर बसतो."

"किती वेळ?"

"राणीचा गळा त्या दिवशी कसा लागलाय त्यावर."

मिस फर्नांडिसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आत आमची तालीम चालली आहे. तुम्ही बघाच."

त्यांच्या नाटकात टोप्या विकणारी एक मुलगी असते आणि तिच्यावर भाळलेला एक जनरल. जनरल होते बँकेतले एक लठ्ठ गृहस्थ. बाजूला वाजवणारे ओळीने बसलेले, प्रत्येकापुढे कागद, आणि सगळ्यांपुढे हातात काडी घेतलेला एक तरुण. काडी हलली की वाद्ये सुरू, थांबली की बंद. टोपीवाली मुलगी चांगली गात होती. एका ठिकाणी तिने स्वर असा काही वर नेला आणि तिथे धरून ठेवला, की मी मोठ्याने "वाः! क्या बात है!" म्हणून गेले.

वाद्ये थांबली. काडीवाला वळला. जनरलने धावत जाऊन मला पाणी आणून दिले. त्यांना वाटले, बाईंना चक्कर आली.

पाणी पिऊन झाल्यावर मी मिस फर्नांडिसांना हळूच विचारले, "आज तिचा गळा इतका चांगला लागलाय, तर ती आणखी थोडं गाणार नाही का?"

"नाही. लिहिलंय तेवढंच."

"आणि घसा बसला असेल तर?"

"तरी तेवढंच."

"म्हणजे बाईनं वाद्यांच्या मागून जायचं."

"सगळ्यांनी कागदाच्या मागून जायचं."

"आमच्यात ऑर्गनवाला बाईच्या मागून जातो, तबलजी दोघांच्या मागून, आणि राजा..."

"मंचकावर बसतो," त्या म्हणाल्या. "ते कळलं."

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितले. ऑपेरात गळा हाच राजा. तो असला की लोक बाकी सगळे माफ करतात, अगदी नायिका क्षयाने मरताना घरभर ऐकू जाईल असे गायली तरी. ऑपरेटात बोलायला, हसायला मोकळीक, पण गळा तयार केलेलाच लागतो. म्युझिकलमध्ये आधी नट लागतो. त्याला गाण्याइतपत गाता आले की भागते. शब्द मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचले पाहिजेत. हे ऐकताना माझ्या लक्षात आले की शामराव म्युझिकलमध्ये काम करत आहेत आणि सुशीला ऑपेरात, आणि दोघे एकाच राजवाड्यात राहतात. मी तसे सांगितले. मिस फर्नांडिसांनी पत्रिकेवर 'मराठी नाटक, पदांसह' असे लिहून विषय मिटवला.

तेवढ्यावर थांबायचे. पण शामरावांना राहवले नाही.

"आमच्यात चांगल्या पदाला तीन-तीन वन्स मोअर पडतात," ते अभिमानाने म्हणाले.

"नाटक संपल्यावर?"

"छे, छे. तिथल्या तिथं."

"राणी दुःखात असताना?"

"दुःखाच्या पदालाच जास्त पडतात."

"मग ती परत पहिल्यापासून दुःखी होते?"

"पहिल्यापेक्षा जास्त," शामराव म्हणाले.

मिस फर्नांडिसांनी पितळी घंटेवर हात ठेवला. "पाऊण तास झाला की मी ही वाजवते आणि पडदा पडतो. राजा कुठंही असो, राणी कितीही दुःखी असो."

शपथा

घरी येऊन दत्तोपंतांच्या घड्याळावर अंक लावून पाहिला. सगळे बरोबर बसत होते, शेवटी भैरवीसह. एकही पद दुसऱ्यांदा म्हटले की भैरवी घंटेच्या पलीकडे जात होती. सुशीला नुसती घड्याळाकडे पाहत राहिली.

मी म्हटले, हे माझ्यावर सोड. शिस्त लावणे हे माझे आवडते काम. लोकांना ते तितके आवडत नाही, पण माझ्या घरी मला कोणी तसे सांगत नाही.

पुढचे काही दिवस मी मल्लेश्वरमच्या आणि बसवनगुडीच्या मराठी घरांतून फिरले. घरोघर अवरेकाळूचा हंगाम चालू होता. उप्पीटात ते, सांबारात ते, एके ठिकाणी तर पोह्यांतही ते पावट्याचे दाणे. मी प्रत्येक घरी खाल्ले आणि प्रत्येक घरी देवाच्या तसबिरीपुढे शपथ घ्यायला लावली: प्रयोगात वन्स मोअर म्हणणार नाही. बायकांनी लगेच घेतली. पुरुषांनी घेतली, पण मृत्युपत्रावर सही करतात तशी. बसवनगुडीतले एक निवृत्त पोस्टमास्तर अडून बसले.

"मग पद चांगलं झालं हे तिला कळायचं कसं?"

"टाळ्या वाजवा."

"टाळ्या काय, भाषणालासुद्धा वाजवतात. भाषण पुन्हा करा असं कोणी म्हटलेलं ऐकलंय का तुम्ही?"

मी त्यांना शिस्तीवर दहा-एक वाक्ये ऐकवली. परदेशी लोक संयम कसा पाळतात, कँटोन्मेंटात माणसे किती शांत बसतात, आपणच तेवढे कसे आरडाओरडा करतो. शेवटी ते म्हणाले, "सरी, सरी. बरं बाई, तुमच्यासाठी म्हणून घेतो." परत निघताना माझी मान इतकी ताठ होती की मफलरची गरज वाटली नाही.

प्रयोग

थिएटर भरले होते. पुढच्या रांगांत कँटोन्मेंटचे लोक कोट घालून, मागे आमची मंडळी मुलाबाळांसह. कन्नड नाटक नीटनेटके झाले. मग आमचा पडदा उघडला. विंगेत मी पुस्तक घेऊन उभी, शेजारी स्टुलावर मिस फर्नांडिस, त्यांच्या मांडीवर घंटा.

सुशीलेने पहिले पद म्हटले. छान झाले. सभागृहातून आवाज नाही. मी फटीतून पाहिले. आमची माणसे खुर्च्यांचे हात आवळून बसली होती. पोस्टमास्तरांनी तोंडात रुमाल कोंबला होता. मला कृतार्थ वाटले. मी मिस फर्नांडिसांकडे असे पाहिले की बघा, माझी माणसे.

मग दुसरे पद. अंतऱ्यावर सुशीला थांबली, ऑर्गनवाल्याकडे न बघताच एक स्वर हलकेच लावला आणि तिथून जी खाली उतरत आली, ती बुवांच्या ओसरीवर बसून घोटलेली उतरती तान होती. मी ती तिच्या लहानपणी भिंतीपलीकडून हजारदा चुकीची ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर ऐकली.

"वन्स मोअर!"

आवाज खणखणीत होता. विंगेतून आला होता. विंगेत मी, मिस फर्नांडिस आणि भिंत, एवढेच होतो. मिस फर्नांडिस माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे त्या नव्हत्या.

मग काय, धरणच फुटले. मागच्या रांगांतून एकच गजर झाला आणि सगळ्यांच्या वर पोस्टमास्तरांचा आवाज. शामराव मंचकावरून उठले होते ते परत बसले. सुशीलेने विंगेकडे पाहिले. तिने क्षणभर माझ्यावर नजर रोखली, आणि पद पुन्हा सुरू केले. दुसऱ्यांदा ते जास्त लांबले. तिसऱ्यांदा त्याहून. पुस्तक माझ्या हातात होते, पण मी पान उलटायचे विसरले होते. राजा शेवटी परतला तेव्हा घंटा वाजली. त्याचा एक पाय राजवाड्यात होता, तोंडात "प्रिये" होते, आणि पडदा पडला.

भैरवी राहिली.

सुशीला पडद्यामागे उभी होती तशीच उभी राहिली. मी तिच्याजवळ गेले नाही. जाऊन काय सांगणार होते? ती रंगपटात निघून गेली. मी कामाला लागले, कारण हात रिकामे ठेवून उभे राहणे मला जमेना. पुढच्या नाटकाला जागा हवी म्हणून ऑर्गन मागच्या दाराने जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, चढवला. तबलजींना आणि ऑर्गनवाल्यांना कॉफी प्यायला पाठवले. माझी व्यवस्था नेहमी चोख असते.

थोड्या वेळाने मिस फर्नांडिस आल्या. "चहा बाहेर मांडलाय. आमचे लोक गेले. तुमचे का उठत नाहीत?"

मी फटीतून पाहिले. आमची एकूण एक माणसे जागच्या जागी बसली होती. ओरडत नव्हती, टाळ्या वाजवत नव्हती. मुलांनासुद्धा उठू देत नव्हती.

"भैरवी व्हायची आहे," मी म्हटले. "शेवटचं पद. ते झाल्याशिवाय आमच्यात उठत नाहीत. ताकभात वाढायचा असताना पानावरून उठल्यासारखं होतं."

"पण पडदा पडलाय."

"तो त्यांना दिसतोय."

"किती वेळ बसतील?"

"मल्लेश्वरमची बस चुकेपर्यंत. काही जण त्यानंतरही."

मिस फर्नांडिसांनी घंटेकडे पाहिले आणि ती स्टुलाखाली ठेवली. "माझा नियम प्रयोगाला आहे. चहाच्या सुट्टीत रंगमंचावर कोण काय करतं ते मी बघत नाही."

मी रंगपटाकडे धावले. सुशीलेने खोबरेल लावून अर्धा चेहरा पुसला होता. डाव्या बाजूने ती राणी होती आणि उजव्या बाजूने माझी बहीण.

"चल. भैरवी म्हणायची."

"ऑर्गन?"

"जटक्यात."

"तबला?"

"कॉफी पितोय."

"कोणी पाठवलं?"

मी तिला दंडाला धरून रंगमंचावर आणले. मिस फर्नांडिस त्यांच्या नाटकासाठी आणून ठेवलेल्या पियानोपाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारले, कुठल्या सुरात? मला तेवढे एक ठाऊक होते. "काळी चार," मी म्हटले आणि बोटाने दाखवली. त्यांनी ती पट्टी दाबली. पियानोचा सूर विरून जातो, म्हणून त्या पुन्हा दाबत राहिल्या, अगदी हळू. काडीवाल्या तरुणाने पडदा हातभर बाजूला केला आणि सुशीला त्या अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्याने पुढे आली.

भैरवी लहानच म्हटली. तान जवळजवळ नाही, लांबण नाही. कपांचा आवाज आधी बाहेरून येत होता, मग थांबला. दारात जनरल उभा होता, मिशी लावलेला, बिस्किट अर्धे खाल्लेला. संपले तेव्हा कँटोन्मेंटचे लोक दारातून टाळ्या वाजवू लागले आणि कोणीतरी "एन्कोर!" म्हणून त्यांच्यातला वन्स मोअर दिला.

आमची सगळी मंडळी एकदम मागे वळली. "भैरवीनंतर?" पोस्टमास्तर म्हणाले. "अहो, असं कसं?" सुशीलेने हात जोडले आणि आत गेली. तेव्हा कुठे लोक उठले, चपला शोधल्या आणि चहाकडे गेले.

चांदीचा पेला कन्नड मंडळींना मिळाला. त्यांचे नाटक चांगले होते आणि घंटेआधी संपले होते.

रंगपटात मी सुशीलेला खोबरेलाची वाटी धरून उभी होते. ती आरशात बघत म्हणाली, "ओरडलीस ती तूच ना?"

"लोक ओरडले."

"लोक नंतर. तुझा आवाज मला कळत नाही होय? प्रॉम्प्टिंगला कधी इतका लागत नाही." तिने कपाळ पुसले. "इतका राग आला होता मला. दुसऱ्यांदा म्हटलं ते रागातच."

"ते जास्त चांगलं झालं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून ट्रंका काढल्या. पितळेची भांडी गोणपाटात, काचेची कपड्यांत. सुशीला समोर बसून चमचे पुसत होती. दुपार झाली तरी तिने एकदाही गुणगुणले नाही. मला काळजी वाटली. बरे नाही का, म्हणून विचारले.

"बरी आहे," ती म्हणाली. "पोट भरलंय." आणि स्टोव्ह गुंडाळायला जुने पेपर आणायला मला पद्मक्कांकडे पिटाळले.